ओस्लो की लंडन? कोड लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरवर पीएचडी करायला निघताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात सीएफडीचं, म्हणजे द्रव-वायूंचा प्रवाह संगणकावर मांडण्याचं काम करताय, त्यासाठीच्या ओपनफोम सॉफ्टवेअरवर हात बसलाय, घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. डिफरन्शियल इक्वेशन सोडवायचा कोड आपोआप तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर पीएचडी करायची आहे, तर ओस्लो बरं की लंडन, आणि निघण्याआधी काय शिकावं. मी याच कामासाठी ओस्लोत आले आणि इथेच राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शिकण्याचं. तुम्ही पायथनचे कोर्स शोधताय. ते तुम्हाला सहज जमेल, त्यात वेळ घालवू नका. तुमची खरी अडचण वेगळी आहे. ओपनफोममध्येही समीकरण कागदावर दिसतं तसंच लिहिता येतं, पण मागे चालतो तो आधीच लिहून ठेवलेला सी प्लस प्लस. फेनिक्स या कोड तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही वीक फॉर्म, म्हणजे समीकरणाचं इंटिग्रलच्या रूपातलं लेखन, लिहिता आणि कंपायलर तो वाचून त्या समीकरणापुरतं नवं सी फंक्शन लिहितो. फायनाइट व्हॉल्यूममधून, म्हणजे ओपनफोमच्या पद्धतीतून, येणाऱ्याला वीक फॉर्मची सवय नसते. ती आधी करा, तीही कागदावर.

मग पॉयसनचं समीकरण घ्या आणि तयार झालेली सी फाइल उघडून वाचा. साध्या त्रिकोणी एलिमेंटवर, म्हणजे जाळीच्या एका तुकड्यावर, पहिल्या डिग्रीचं फंक्शन घेतलं तर त्यात एकच क्वाड्रेचर पॉइंट (इंटिग्रल काढताना जिथे किंमत मोजतात तो बिंदू) दिसेल, त्याचं वजन 0.5. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवरून जेकोबियन (नमुन्याचा त्रिकोण खऱ्या त्रिकोणात कसा बदलतो ते सांगणारा) काढलेला असेल आणि शेवटी 3 बाय 3 चे नऊ आकडे भरलेले असतील. आता डिग्री 1 ची 2 करा, बाकी काही बदलू नका. पॉइंट तीन होतात, आकडे 36. हा बदल का झाला ते स्वतःला पटवून देता आलं की मुलाखतीची अर्धी तयारी झाली.

दुसरा प्रयोग उष्णतेच्या समीकरणावर करा. टाइम स्टेप साधा पायथनचा आकडा म्हणून फॉर्ममध्ये लिहा आणि दर पायरीला बदला. प्रत्येक वेळी सी कंपायलर पुन्हा चालेल, कारण तो आकडा फॉर्मचाच भाग झालेला असतो आणि फॉर्म बदलला की कोड नवा. तोच आकडा फेनिक्सचा 'कॉन्स्टंट', म्हणजे किंमत बाहेरून देता येणारी राशी, म्हणून दिला तर एकदाच कंपाइल होतं. सिम्युलेशन फार हळू चालतं अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघते.

आता शहरांचं. फेनिक्स 2003 मध्ये शिकागो विद्यापीठ आणि स्वीडनमधल्या चाल्मर्सच्या सहकार्यातून सुरू झालं. पुढे ओस्लोच्या सिम्युला संस्थेत त्याचं पुष्कळ काम झालं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये फायरड्रेक हे तसंच सॉफ्टवेअर आहे: फॉर्म लिहायची भाषा तीच, कंपायलर स्वतःचा. भूकंपलहरींच्या कामासाठी वापरतात ते डेव्हिटोही तिथलंच, पण ते फायनाइट डिफरन्स या वेगळ्या पद्धतीवालं. ही दोन्ही शहरं एकमेकांच्या विरोधात मुळीच नाहीत. न्यूमेरिकल सॉफ्टवेअरसाठीचं 2015 चं विल्किन्सन पारितोषिक मिळालेलं, फेनिक्सवर आधारलेलं डॉल्फिन-अ‍ॅडजॉइंट सिम्युला, इम्पीरियल आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी मिळून केलेलं होतं. तेव्हा विषयासाठी कुठेही गेलात तरी चालेल. निर्णय घराकडे बघून घ्या.

आणि घराकडे बघून माझं मत ओस्लोच्या बाजूनं आहे. नॉर्वेत पीएचडी ही नोकरी असते: पगार, कर, पेन्शन, फी नाही. ब्रिटनमध्ये स्टायपेंडवर कर नसतो, पण व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज आगाऊ भरावा लागतो, विद्यार्थी आणि कुटुंबीयांना माणशी वर्षाला 776 पाउंड. तिघांचा चार वर्षांचा व्हिसा धरला तर 9312 पाउंड, पहिला स्टायपेंड हातात पडण्याआधीच. भारतीयांना काही तांत्रिक विषयांसाठी एटास सर्टिफिकेटही, म्हणजे तो विषय शिकायची ब्रिटिश सरकारची मंजुरी, लागतं. ते फुकट आहे, पण वेळ खातं. तुमच्या विषयाला लागू आहे का हे ऑफर आल्याबरोबर विचारा.

मुलीच्या दृष्टीनं ओस्लो खरंच चांगलं. बालवाडीला, म्हणजे बार्नेहागेला, फीची कमाल मर्यादा सरकार ठरवतं, आणि मुख्य प्रवेश ऑगस्टमध्ये होतात. पत्नीचा विचार मात्र तितक्याच गांभीर्यानं करा. कौटुंबिक परवान्यावर काम करता येतं, पण आयटी सोडून बहुतेक ठिकाणी नॉर्वेजियन लागतं. त्यांनी पुण्यातूनच भाषा सुरू केली तर इथला पहिला डिसेंबर महिना, जेव्हा दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, एकटेपणात जाणार नाही.

परवाना मंजूर झाला की त्याच दिवशी पोलिसांकडची अपॉइंटमेंट घ्या. ती झाल्याशिवाय ओळख क्रमांक नाही, क्रमांकाशिवाय बँक आयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याची सोय, नाही, आणि बँक आयडीशिवाय इथे साधी कामंही अडतात. घराचं डिपॉझिट बहुधा तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असतं आणि ते वेगळ्या डिपॉझिट खात्यात ठेवायचं असतं. कुणी स्वतःच्या खात्यावर पाठवा म्हणालं, तर घर कितीही आवडलेलं असो, सरळ नाही म्हणा.