याकोब म्हणजे 'फसवणारा' का, आणि त्याचा जेम्स कसा झाला?

प्रश्न असा आहे की बाळाचं नाव पणजोबांवरून याकोब ठेवायचं ठरलंय, पण नावांच्या एका वेबसाइटवर अर्थ 'फसवणारा' असा दिलाय आणि त्यावरून घरात वाद सुरू झालेत. शिवाय मराठी बायबलात जे 'याकोबाचे पत्र' आहे ते इंग्रजीत 'जेम्स' कसं, हेही विचारलंय.

फसवणाऱ्याचं आधी बघू. हा अर्थ अगदीच हवेतून आलेला नाही, पण तो कुणाच्या तोंडून आलाय ते बघा. उत्पत्तीच्या 25 व्या अध्यायात इसहाक आणि रिबकेला जुळे होतात, एसाव आधी येतो आणि दुसरा त्याची टाच धरून बाहेर येतो म्हणून त्याचं नाव याकोब, कारण हिब्रूत टाचेला 'आकेव' म्हणतात. पुढे हाच धाकटा थोरल्याकडून मसुरीच्या कालवणाच्या बदल्यात ज्येष्ठत्वाचा हक्क काढून घेतो, मग आंधळ्या बापाला फसवून आशीर्वादही घेतो, तेव्हा 27 व्या अध्यायात एसाव चिडून म्हणतो की याचं नाव याकोब ठेवलं ते बरोबरच, याने मला दोनदा फसवलं. म्हणजे त्याच धातूवर केलेली ही कोटी आहे, आणि तीही भावाने भांडणात केलेली! भाऊबंदकीत एक भाऊ दुसऱ्याबद्दल जे बोलतो ते शब्दकोशात अर्थ म्हणून घालायचं का, तुम्हीच ठरवा.

आणि टाचेची गोष्टसुद्धा बहुतेक नावानंतर जोडलेली असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, कारण याच धातूपासूनची नावं बायबलबाहेरही सापडतात. अमोरी म्हणजे सीरिया-मेसोपोटेमियातल्या एका प्राचीन लोकांच्या नावांमध्ये 'याकूब-एल' या धाटणीचं नाव येतं, त्याचा अर्थ साधारण 'देव रक्षण करो' असा लावतात, आणि इजिप्तमध्ये हिक्सोस या बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांच्या काळातले 'याकूब-हर' नावाच्या राजाचे शिक्केही मिळालेत. त्यातला 'एल' म्हणजे देव गळून पडला आणि उरलं ते याकोब, असं मानतात, आणि मला तरी हेच पटतं. अरबीत याच मुळाचा 'अकिब' म्हणजे टाच, आणि उर्दू शायरीत जे 'आक़िबत' येतं, शेवट किंवा परिणाम या अर्थाने, तेही इथलंच, मागून येणारं ते. (जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाला मात्र यात ओढू नका, याकूत म्हणजे माणिक, त्याचा याकूबशी काही संबंध नाही.)

आता जेम्स. ग्रीकमध्ये जुन्या करारातल्या कुलपित्याला, म्हणजे या वरच्या याकोबाला, 'याकोब' असंच ठेवलं पण नव्या करारातल्या माणसांना ग्रीक शेपूट लावून 'याकोबोस' केलं. लॅटिनमध्ये त्याचं 'याकोबुस', मग बोलीत ब चा म होऊन 'याकोमुस', त्यातून इटालियन जाकोमो, आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत जेम्स. म्हणून 1611 च्या किंग जेम्स बायबलात कुलपिता जेकब आणि प्रेषित जेम्स अशी दोन वेगळी नावं दिसतात, तर आपल्या मराठी बायबलात दोघेही याकोबच, जे माझ्या मते जास्त बरोबर आहे. गंमत म्हणजे इंग्रजांनाही नातं माहीत होतंच, 1688 मध्ये पळालेल्या दुसऱ्या जेम्स राजाच्या समर्थकांना ते लॅटिन नावावरून जेकबाइट म्हणायचे. स्पॅनिशमध्ये 'सांत यागो' एकत्र होऊन सांतियागो झालं आणि पोर्तुगीजांनी ते परत तोडताना चुकीच्या जागी तोडलं म्हणून तियागो. फ्रेंच जाक पण हाच. जॅक मात्र नाही, तो मुळात जॉनचा.

आपल्याकडचा धागा तर थेट आहे. यब्बोक नदीच्या काठी रात्रभर झुंज झाल्यावर याकोबाला जे नवं नाव मिळालं ते इस्राएल, आणि कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची मुलं, म्हणजेच याकोबाची. या लोकांनी बायबलातली नावं इतकी मराठी करून टाकली की 1796 मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जायचे. सामाजी म्हणजे शमुवेल आणि हसाजी म्हणजे यहेज्केल, सांगितल्याशिवाय कोण ओळखेल?

तेव्हा नाव बिनधास्त ठेवा, अर्थ कुणी विचारला तर 'देव रक्षण करो' सांगा, आणि खोलात शिरलं कुणी तर टाचेची गोष्ट सांगा. फक्त एक, इस्रायलमध्ये याकोवला लाडाने 'कोबी' म्हणतात, ते आपल्या शाळेत कळू देऊ नका.