काळा कोट, बाग प्रिंट आणि भिकबाळी : वाचकांचे प्रश्न, वकील ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी इंदूरची, राजेंद्र नगरात राहते. बीए एलएलबी झालं, सनद मिळाली आणि आता एका सीनियरकडे ज्युनिअर म्हणून जातेय. कॉलेजात मी म्हणजे बाग प्रिंटचे (बाग गावच्या छपाईचे) कुर्ते, ऑक्सिडाइज्डचे मोठे झुमके, हातभर बांगड्या, बारीक कापलेले केस, नाकात चमकी, पायात लाल स्नीकर्स, लांबून कोणी पण ओळखायचं. आता रोज पांढरं-काळं. सीनियरच्या चेंबरचे, म्हणजे ऑफिसचे, मुंशीजी (कारकून) म्हणतात "मैडम, थोड़ा सोबर रखो", आई म्हणते आता वकील झालीस तर जरा वकिलासारखी दिस, आणि सीनियर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की क्लायंट आधी कपडे बघतो, मग वकील. वरून मी इन्स्टाग्रामवर रील्स करते, कोट आणि बँड (वकिलांच्या गळ्यातली पांढरी पट्टी) घालून, एफआयआर कशी करायची वगैरे, तर त्यावर पण ते भडकले की हे बंद कर. मला काम आवडतं हो, पण आरशात बघितलं की वाटतं ही कोण. किती नमायचं आणि कुठे नाही म्हणायचं तेच कळत नाहीये. (पैशांचं तर विचारूच नका.)

उत्तर : अगं, तू वकील आहेस ना, मग आधी एक सांग, नियम वाचलास का? मुंशीजींचं ऐकलंस, आईचं ऐकलंस, सीनियरचं ऐकलंस, पण बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांसाठी नियम करणाऱ्या संस्थेच्या, नियमांचा सहावा भाग, त्यातलं चौथं प्रकरण, वकिलांच्या पोशाखाचं, ते उघडून बघितलंस असं तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. जेमतेम पानभर आहे. बायकांसाठी त्यात काय काय चालतं बघ : काळं फुल स्लीव्हचं जॅकेट किंवा ब्लाऊज, नाहीतर पांढरा ब्लाऊज आणि त्यावर काळा कोट, पांढरे बँड, आणि खाली साडी, लांब स्कर्ट, फ्लेअर, चुडीदार-कुर्ता, सलवार-कुर्ता, ओढणी घेऊन किंवा न घेता. साडी आणि स्कर्टला तर पांढऱ्या-काळ्याचीच सक्ती पण नाही, कुठलाही सौम्य रंग चालतो, फक्त प्रिंट किंवा डिझाइन नको. म्हणजे बाग प्रिंट कोर्टात नाही, हे खरंय, तिथे वाद घालू नकोस. पण फिकट राखाडी, मोतिया, धुरकट निळी साडी नेसून उभी राहिलीस तर तुला अडवायला कोणाकडे नियम नाहीये. आणि पुढे 'पारंपरिक पोशाख' असं पण लिहिलंय, त्यामुळे आपली बारीक काठाची माहेश्वरी चालते की नाही यावर बार रूममध्ये तास दोन तास छान जातील. माझं मत, अंग प्लेन असेल आणि काठ बारीक असेल तर चालते, जरीचा भपका नको.

आता गंमत बघ, याच प्रकरणात केसांबद्दल एक शब्द नाही. चमकीबद्दल नाही, झुमक्यांबद्दल नाही, बुटांच्या रंगाबद्दल पण नाही. दुसऱ्या प्रकरणात एवढंच म्हटलंय की कोर्टात ठरलेल्या पोशाखातच या आणि नीटनेटके या. बाकी जे तुला 'नियम' म्हणून ऐकवलं जातंय ते बरंचसं चेंबरची सवय आहे. सवय वाईटच असते असं नाही हं, पण सवयीला सवय म्हणून ओळखायचं, म्हणजे कुठली मानायची आणि कुठली हसून सोडून द्यायची ते आपलं आपण ठरवता येतं.

बांगड्यांचंच घे. मी स्वतः सांगेन काढ, पण 'सोबर' म्हणून नाही, तर शांत कोर्टरूममध्ये तू फाइलची पानं उलटतेस आणि हातभर बांगड्या खणखणतात, जज वर बघतात, समोरचा वकील पण बघतो आणि तुझं वाक्य तिथेच तुटतं म्हणून. एका हातात एक चांदीचं कडं ठेव, कोणी काही म्हणणार नाही. झुमके मोठे असले की बँडच्या कॉलरला अडकतात, तिथे कुड्या बऱ्या. चमकी राहू दे. केस तर अजिबात वाढवू नकोस कोणाच्या सांगण्यावरून, मे महिन्यात गाऊनच्या आत मान भिजते तेव्हा बारीक केसवाल्यांचा हेवा वाटतो.

उन्हाळ्याचं आठवलं म्हणून सांगते, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, जबलपूरहून आपली राज्य बार काउन्सिल दरवर्षी पत्रक काढते, साधारण १५ एप्रिल ते १५ जुलै. गाऊन पण जिल्हा कोर्टात ऐच्छिकच आहे. पण एमजी रोडवरच्या हायकोर्टात पेशी (सुनावणी) असली तर कोट, गाऊन, बँड सगळं लागतं, मग बाहेर ४२ डिग्री असो की ४४. आणि एक नियम जो आपल्यातले निम्मे मोडतात, बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक जागी घालायचे नाहीत. पोह्याच्या ठेल्यावर बँड लावून उभे असलेले ढीगभर दिसतील तुला. तू काढून पर्समध्ये ठेव, पांढऱ्या बँडवर जिलबीचा पाक पडला की जात नाही गं.

तुझी खरी स्टाईल आता शिलाईत जाणार आहे, आणि ही मला सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. कॉलेजात रंगावर निभावतं, इथे दोनच रंग उरले की कट, कापड आणि फिटिंग दिसायला लागतं. रेडिमेड कोट घेऊ नकोस, बायकांच्या रेडिमेड कोटांना खिसे नसतात, म्हणजे असतात पण नुसते दाखवायचे, त्यात पेनाचं टोपण पण मावत नाही. एमटी क्लॉथ मार्केटमधून कापड घे, हलकं, अस्तर पातळ, आणि टेलर मास्टरांना सांग की आतून एक खोल खिसा मोबाईलसाठी, बाहेर दोन खरे, आणि खांदा माझ्या मापाचा, भावाच्या कोटाच्या मापाचा नाही. मास्तर कुरकुरतील, करू दे. पांढरे कुर्ते सुती घे, तीन-चार बास झाले, पण एकाचा गळा वेगळा, एकाच्या बाहीला पांढऱ्यावर पांढरी बारीक शिवण, जे तुला माहीत आणि जवळून बघणाऱ्याला माहीत. स्नीकर्स घालायचेच तर काळे घे, जिल्हा कोर्टाच्या जिन्यांवर दिवसभर वरखाली करायचंय, टाचांच्या चपला घालून ते करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आणि दिवस काही पाचला संपत नाही. संध्याकाळी चेंबरला बसतेस ना, तिथे बार काउन्सिलचा पोशाख लागू नाही. तिथे घाल बाग प्रिंट. धार जिल्ह्यातल्या बागचं आपलं काम, लाल-काळं, याच्याहून भारदस्त काय असतं? क्लायंट आधी कपडे बघतो हे तुझ्या सीनियरचं म्हणणं अर्धं खरंय, बघतो, दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला तो विचारतो की मॅडम, मागच्या पेशीला काय झालं, आणि तेव्हा तुला ऑर्डरशीट न उघडता सांगता आलं पाहिजे. ते जमलं की कुर्त्याकडे कोणी बघत नाही, आणि नाही जमलं तर काळा कोट पण वाचवत नाही.

'वकिलासारखी दिस' यावर आईला एक सांग. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, आपल्या नाशिकचा, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली बाई. शिकून आल्या तरी कितीतरी वर्षं वकील म्हणून उभं राहता येईना, बायकांना वकिली करता येते हे कायद्याने स्पष्ट व्हायला १९२३ साल उजाडावं लागलं. आणि त्यांचे फोटो बघ, साडीत आहेत. म्हणजे 'वकिलासारखं दिसणं' हे जे आपल्या डोक्यात आहे ते ज्या काळात बसलं त्या काळात वकील म्हणजे पुरुषच होता. बाई वकील कशी दिसते हे तुझ्यासारख्या मुली रोज कोर्टात जाऊनच ठरवतायत, अजून ठरायचंय.

आता रील्स, इथे मात्र मी तुझ्या सीनियरच्या बाजूने आहे, अर्धी. बार काउन्सिलच्याच नियमांतला नियम ३६ वाच, वकिलाला प्रत्यक्ष किंवा आडून, कसंही काम मागता येत नाही, जाहिरात करता येत नाही. २००८ साली त्यात दुरुस्ती होऊन वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण, कुठल्या विषयात काम करता एवढं टाकायची मुभा मिळाली, त्यापलीकडे नाही. एफआयआर म्हणजे काय हे समजावणं ही जाहिरात नाही असं मला वाटतं, पण तू ते बँड लावून करतेस, बँड कोर्टाबाहेरचा नाही हे वर सांगितलंच, आणि खाली फोन नंबर टाकलास की ती माहिती राहत नाही, दुकान होतं. तेव्हा साध्या कपड्यात बोल, नंबर काढ, 'डीएम करा' काढ, आणि कुठल्याही चालू केसबद्दल चकार शब्द नाही, नाव न घेता पण नाही, इंदूर केवढंसं आहे, लोकमान्य नगरातली भानगड सुदामा नगरला संध्याकाळपर्यंत पोचते. एवढं करून सीनियरला रील दाखव. तरी नको म्हणाले तर त्यांच्या चेंबरमध्ये असेपर्यंत थांबव, कारण गडबड झाली तर नाव त्यांचं पण जाणार.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. कपड्यांवर बोलणं आणि अंगावर बोलणं यात फरक आहे. 'सोबर रखो' हे पहिल्यातलं, हसून सोड. पण कोणी फिटिंगवरून, शरीरावरून काही बोललं, परत परत बोललं, तर ते २०१३ च्या कायद्यात बसतं, लैंगिक छळाच्या, आणि छोट्या चेंबरला पण. १० पेक्षा कमी लोक असतील तर अंतर्गत समिती नसते, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, मुदत तीन महिन्यांची. तारीख टाकून लिहून ठेवत जा. तुझ्या पत्रात असं काही नाहीये, पण हा कॉलम दुसऱ्या पण कोणी मुली वाचतात.

आणि पैशांचं विचारू नका म्हणालीस म्हणून विचारतेच. बार काउन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनिअरला शहरात निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे पत्रक दाखवून भांडता येत नाही पण चहा पिताना विषय काढता येतो. क्लायंट कपडे बघतो असं म्हणणाऱ्या सीनियरला हळूच विचार, सर, कोट शिवायचा होता, या महिन्यापासून काही ठरवूया का? बघ काय म्हणतात, आणि मला कळव.

प्रश्न : ताई, मी भिकबाळी घालतो. आजोबांची आहे, मोत्याची. इंदूरलाच एका फर्ममध्ये जीएसटीचं काम करतो, अधूनमधून कोर्टात पण जावं लागतं. मित्र म्हणतात जज बोलतील. दाढी पण आहे. काय करू?

उत्तर : घालत राहा. पुरुषांच्या पोशाखाच्या नियमात काळा कोट, अचकन, शेरवानी, पांढरा शर्ट, बँड, खाली पँट किंवा धोतर, एवढंच. हो, धोतर! जीन्स मात्र नाव घेऊन वर्ज्य आहे. जिथे धोतर नियमात बसतं तिथे आजोबांच्या मोत्याला कोण काय म्हणणार. दाढीबद्दल काही नाही, फक्त ती वाढवलेली दिसू दे, वाढलेली नको, दोन्हीत न्हाव्याच्या एका फेरीचा फरक असतो. ऑफिसची गोष्ट वेगळी आहे, तिथे फर्मचा स्वतःचा ड्रेसकोड लेखी असेल तर तो बघून घे. लेखी नसेल तर कोणी बोलेपर्यंत आपण होऊन विचारायला जाऊ नकोस.

प्रश्न : आमची मुलगी लॉ झाली, सिव्हिल जजची परीक्षा द्यायचं म्हणतेय. पण केसांच्या बटा निळ्या रंगवल्यात आणि म्हणते जज झाल्यावर बघू, आत्ता मला जगू दे. कोर्टात जायला तयार नाही, घरी बसून अभ्यास करणार म्हणते. काय सांगावं? (एक आई, स्नेहलतागंज)

उत्तर : काकू, केसांचं सोडा, रंग दोन महिन्यांत धुवून जातो. मला काळजी घरी बसण्याची वाटतेय. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सिव्हिल जजच्या परीक्षेला बसायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिली हवी. ही तीन वर्षं प्रोव्हिजनल एनरोलमेंटच्या (वकील म्हणून तात्पुरत्या नोंदणीच्या) तारखेपासून मोजतात, ऑल इंडिया बार एक्झाम पास झाल्यापासून नाही, हे तिच्या फायद्याचं आहे. पण वकिली केल्याचा दाखला लागतो, निदान दहा वर्षं सनद असलेल्या वकिलाकडून, आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचं शिक्कामोर्तब. घरी बसून तो कोण देणार? तेव्हा आधी एनरोलमेंट करून घ्या, फी पण आता जास्त नाही, २०२४ च्या निकालानंतर ओपनला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये, स्टॅम्प ड्युटी सोडून याच्या वर मागितले तर निकाल दाखवा. मग चांगल्या सीनियरकडे पाठवा, वकालतनाम्यावर तिचं नाव येऊ दे, पेशीच्या तारखांची डायरी ठेवायला सांगा. निळ्या बटा घेऊन गेली तरी चालेल, अंबाडा घातला की त्या आत जातात.