टायटॅनियम आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट: सुरुवात करताना

कलाभवनात, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत, हाडांच्या कलमासाठी टायटॅनियम आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडातलं मुख्य खनिज) यांच्या मिश्रणावर काम सुरू करते आहेस, हे तुझ्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. बडोद्यातच आहेस, अडलं तर दांडिया बाजारात घरी ये.

आधी ताठरपणा समजून घे. टायटॅनियमचा सुमारे 110 गिगापास्कल, घट्ट हाडाचा 10 ते 30. सगळा भार धातूनेच पेलला की शेजारचं हाड विरळ होत जातं. म्हणून नमुना सच्छिद्र कर, म्हणजे ताठरपणा उतरेल. नुसत्या ताकदीमागे धावणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

दुसरी चूक भट्टीत होते. फार तापवलं की हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं विघटन होतं, टायटॅनियमसोबत तर आणखी लवकर. माझ्या पहिल्या वडीची (भुकटी दाबून भाजलेल्या तुकड्याची) कड नखाने खरवडली तरी भुगा पडायचा. विघटन झालंय का ते कळायला प्रत्येक वडीचं एक्स-रे डिफ्रॅक्शन (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) करच.

मॅग्नेशियम आत्ता नको, ते शरीरद्रवात हायड्रोजन सोडतं. पेशींच्या चाचण्याही नंतर.