वाचकांचे प्रश्न : दांड्यावरची वादी पावसाळ्यात सैल का पडते?

प्रश्न : बाभळीच्या कोनातल्या फांदीचा दांडा करून त्यावर वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) पाते म्हशीच्या कच्च्या कातड्याच्या वादीने आवळले. मे महिन्यात पक्के होते, जुलैत हलू लागले. वासही येतो. गाठ चुकली का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : गाठीचा दोष नाही. कच्चे कातडे ओले झाले की फुगते, ताणले जाते आणि सुकताना आकसते. पाते धरून ठेवते ते हे आकसणे. पावसाळी हवेतली ओल वादी पुन्हा शोषते आणि ताण जातो. पुन्हा बांधण्याआधी मात्र वादी सोडून पाते नुसतेच खाचेत बसवून पाहा. डुगडुगत असेल तर खाच दुरुस्त करा, कारण खाचेतली फट बांधणीने भरत नाही. दांड्याचे लाकूडही पूर्ण वाळलेले हवे.

वास येणारी वादी टाकून द्या. तबल्याची वादी चालते. कमावलेले चामडे नको, ते असे आकसत नाही. वादी थंड पाण्यात भिजवा, दुमडताना मध्ये कडक लागेनाशी झाली की काढा. जास्त ठेवली तर बुळबुळीत होऊन कुजू लागते. गरम पाणी मुळीच नको. साठ अंशांच्या आसपास कातडे आखडते आणि त्याचा जोर कायमचा जातो.

पहिले टोक तीन-चार वेढ्यांखाली दाबा. वेढे शेजारी-शेजारी घ्या, मध्ये दोन फुल्या टाका, शेवटचे टोक आधीच्या वेढ्यांखालून ओढून घ्या. घट्ट ओढा, पण सगळी ताकद लावू नका. उरलेले काम वादीचे आकसणे करते, आणि फार ताणलेली वादी सुकताना तुटते. वाळवणे सावलीत, वारा लागेल तिथे. उन्हात वरचा थर आधी कडक होतो, ओल आत कोंडते आणि वास धरतो. पूर्ण वाळल्यावर चपडा लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे तीन हात द्या, प्रत्येक हात सुकू देऊन. हे काम पावसाळा संपल्यावरच करा.

प्रश्न : दगडी पात्यासाठी शेळीच्या पायाची शीर (स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा, रक्तवाहिनी नव्हे) चालेल का?

उत्तर : लहान पात्याला वादीपेक्षा बरी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात निघाली तशी कॅल्सिडनीची (गारेच्या जातीच्या दगडाची) इवली पाती जाड वादीखाली झाकून जातात. शीर खडखडीत वाळवा, लाकडावर ठेवून लाकडी मोगरीने ठेचा (लोखंडी हातोडीने तंतू तुटतात) आणि धागे सोलून काढा. धागा तोंडात किंवा कोमट पाण्यात ओला करून गुंडाळा. ओल्या तंतूंना स्वतःचाच चिकटपणा असतो, त्यामुळे गाठ लागत नाही. धागे आखूड निघतात, म्हणून नव्या धाग्याचे टोक जुन्यावर दोन-तीन वेढे चढवा. पात्याची धार बांधणीला लागत असेल तर तेवढी कड आधी घासून बोथट करा, नाहीतर पहिल्याच वापरात धागे कापले जातील.