आधी पत्रा बघ, मग इंजिन

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायची म्हणतेस त्या गाडीचे फोटो काल रात्री चष्मा पुसून पुसून पाहिले. १९७५ ची जेन्सन इंटरसेप्टर कन्व्हर्टिबल, टप मागे दुमडलेला, उतरत्या उन्हात हिरवळीवर उभी. गाडी देखणीच आहे, वाद नाही. पण चाळीस वर्षं इथे वेस्ट मिडलंड्समध्ये गाड्यांचा पत्रा ठोकलेला माणूस मी. छत्तीस फोटो आहेत आणि गाडीच्या पोटाखालचा एकही नाही, हे मला आधी दिसलं.

'फक्त २६७ बनल्या' हे विकणाऱ्याने जाहिरातीत दोनदा लिहिलंय. आकडा बरोबर आहे, पण तो एवढा कमी का, ते समजून घे. बंद टपाची इंटरसेप्टर १९६६ पासून वेस्ट ब्रॉमविचला बनत होती. उघडी आणली १९७४ मध्ये, मुख्यतः अमेरिकेच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून. इंजिन ७.२ लिटरचं, गॅलनला दहा-बारा मैल. म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. आणि १९७३ च्या शेवटीच तेलाचे भाव भडकलेले! १९७५ मध्ये कंपनी बुडीत निघून रिसीव्हरच्या (देणेकऱ्यांसाठी नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात गेली, १९७६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. मोजक्याच बनवायच्या असं कुणी ठरवलं नव्हतं, कारखाना बुडाला म्हणून त्या मोजक्या राहिल्या. दुर्मिळपणाचे जादा पैसे मागेल तेव्हा हे आठव.

तू तीन पानं इंजिनाबद्दल विचारलं आहेस. त्याची फार चिंता करू नकोस. ते क्रायस्लरचं व्ही-८ आहे, अमेरिकेत ढिगाने वापरलेलं. सुटे भाग आजही मिळतात. फक्त तापतं फार. वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेव आणि तापमानाचा काटा बघत राहा. इथलं साधं पेट्रोल २०२१ पासून ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, त्याने जुने रबरी पाइप खराब होतात, म्हणून हिला कमी इथेनॉलचं महागडं ई-५ पाजावं लागेल. इंजिनाचं एवढंच.

खरं दुखणं गंजाचं. या गाडीचा सगळा सांगाडा पोलादी. उघड्या गाडीला वरून छताचा आधार नाही, म्हणून सगळा भार खालच्या पत्र्यावर आणि सिलवर, म्हणजे दारांखालच्या लांब पट्ट्यांवर. तीच जागा चिखलपाणी खाते.

मी स्वतः फसलोय. पहिली इंटरसेप्टर, बंद टपाची, भर उन्हाळ्यात घेतली. रंग आरशासारखा. आठवड्याने सिलवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ टेकवली तर टणटण ऐवजी थप्प आवाज आला. खरवडलं. रंग, त्याखाली बोटभर पुट्टी, त्याखाली भोक बुजवायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. उलगडला तर फुटबॉलचे निकाल व्यवस्थित वाचता येत होते! पत्रा बदलायला गाडीच्या किमतीइतकेच पैसे गेले. तुझ्या काकूने तो कागद बरीच वर्षं फ्रिजवर लावून ठेवला होता.

म्हणून आपण असं करू. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलवरून, मागच्या चाकांच्या कमानींवरून फिरवायचा. जिथे पकड सुटेल तिथे पुट्टी. मग एक बाजू जॅकवर हळूच उचलायची आणि दार उघडून परत लावून बघायचं. आधी सहज लागणारं दार आता घासत असेल, तर सांगाड्यात जीव उरलेला नाही. तिथून नमस्कार करून निघायचं. टप दोनदा चढव-उतरव करायला लाव, टप हलवणारा पंप कण्हतो का ऐक, तेल ओघळलंय का बघ. पायाखालचा गालिचा उचलून नाकाशी ने. कुबट वास लपत नाही.

स्टिअरिंग डावीकडे आहे म्हणून नाक मुरडू नकोस. आपण दोघंही उजवीकडच्या स्टिअरिंगला सरावलेली माणसं, सवय व्हायला महिना जाईल. पण अमेरिकेतल्या कोरड्या मुलखात राहून आलेली गाडी असेल तर पत्रा वाचलेला असण्याची आशा जास्त.

कागद: लॉगबुकमधला (गाडीच्या नोंदणीच्या कागदातला) चासी नंबर स्वतः गाडीवर वाच आणि जेन्सन ओनर्स क्लबमध्ये विचार. बंद गाडीचं छत कापून उघडी करणारे महाभागही असतात. चाळीस वर्षांपुढची म्हणून रोड टॅक्स माफ. एमओटीचीही, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या गाडी-तपासणीचीही, सक्ती बहुधा नाही. 'एमओटी लागतच नाही' हे तो फायदा म्हणून सांगेल. पण म्हणजेच गेल्या काही वर्षांत तिच्या पोटाखाली कुणी तिऱ्हाइताने डोकावलेलं नसेल. जुने एमओटीचे निकाल ऑनलाइन फुकट दिसतात, ते आजच काढ आणि 'कॉरोजन', म्हणजे गंज, हा शब्द किती वेळा येतो ते मोज.

शनिवारी सकाळी आठला मला घ्यायला ये. चुंबक, टॉर्च आणि खाली अंथरायला जुनी चादर मी घेतो. विकणाऱ्याला निरोप दे, आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका, थंड असतानाचं बघायचंय. पाऊस असला तरी बेत बदलू नकोस, टप गळतो का ते तेव्हाच कळेल. आणि बँकेचं कार्ड घरी ठेवून ये.

तुझा,
काका