फायर ऑडिट झाले, तरी रुग्णालये का पेटतात?

प्रश्न : भंडाऱ्याच्या दुर्घटनेनंतर राज्यातील सर्व रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले होते. तरीही त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथे आगी लागल्या. मग या ऑडिटचा उपयोग काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. २०२१ साली ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १० बाळे दगावली, २३ एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयात १५ रुग्ण आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११. तिन्ही वेळा आग लागली ती स्वतःहून उठून पळू न शकणाऱ्यांच्या कक्षात, आणि नेमकी हीच गोष्ट आपण मनावर घेतलेली नाही.

ऑडिटमध्ये प्रामुख्याने आग विझवण्याचे सिलिंडर, पाण्याचे पंप, अलार्म, जिने पाहिले जातात. ते पाहायलाच हवेत. परंतु अतिदक्षता विभागात एकेका खाटेमागे व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि सिरिंज पंप (ठरावीक वेगाने औषध सोडणारे यंत्र) एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालतात, एसी महिनोन्महिने बंद होत नाही आणि मास्कमधून निसटलेला ऑक्सिजन बंद खोलीत साठत राहतो. हवेत एरवी २१ टक्के असलेला ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांनी वाढला, तरी चादर आणि गादी भराभर पेट घेते.

धुराचा धडा तर त्याआधीच मिळाला होता. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरातील सामान पेटले, धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि काचबंद इमारतीत सुमारे ९० जणांचा जीव गेला, तोही बहुतांशी गुदमरून.

राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यातून यंत्रणा चालू असल्याचे कळते. पण रात्री तीन वाजता ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा आणि कोणत्या रुग्णाला कोणी उचलायचे, हे त्यातून कळत नाही. त्याचा सराव रात्रपाळीच्या परिचारिकेकडून आणि वॉर्डबॉयकडून वारंवार करून घ्यावा लागतो. ऑडिटमधील त्रुटींच्या यादीपुढे खर्चाची मंजुरी, जबाबदार अधिकारी आणि मुदत लिहिलेली नसेल, तर ती यादी फाइलमध्येच राहते.

आपल्या माणसाला भरती करताना त्या मजल्यावरचा दुसरा जिना दाखवायला सांगा आणि त्याचे दार कुलूपबंद नाही ना, हे स्वतः ढकलून पाहा.