कोकणातल्या छोट्या माध्यमिक शाळेत मुलांच्या मनासाठी नेमकं काय करता येतं?

शाळेत 'मानसिक आरोग्य सप्ताह' घ्यायचाय, त्यात काय काय ठेवू, असं तुम्ही विचारलंय. मी देवगड तालुक्यात माध्यमिकला शिकवते. माझं स्पष्ट मत आहे की सप्ताह घेऊ नका, तेच तास वर्षभर वाटून टाका. पाहुणे, सत्कार, भाषणं, फोटो यात आठवडा सरतो आणि ज्याला बोलायचं असतं ते पोर मागच्या बाकावर तसंच गप्प राहतं.

आपल्याकडे असं पोर लवकर लक्षातही येत नाही, कारण निकाल चांगला लागतो. २०२४ ला दहावीत कोकण मंडळ ९९.०१ टक्क्यांनी राज्यात पहिलं होतं. पण पास होणारं मूल आतून बरं आहे, असं धरून कसं चालेल? आईवडील मुंबईत आणि मूल आजीजवळ, अशी घरं प्रत्येक वर्गात निघतात.

आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाला आठवी ते दहावीची मिळून पंधरा-सोळा मुलं वाटून दिली आहेत. मूल शाळा सोडेपर्यंत शिक्षक तोच. शनिवारी सकाळच्या शाळेत या गटांचा एक तास असतो. शाळा सुटल्यावर काहीही ठेवू नका. एसटी चुकली की लांबच्या वाडीतल्या मुलींना दुसरी गाडी नसते, म्हणजे ज्यांना गरज जास्त त्याच गळतात. आणि गोलात बसवून 'मन मोकळं करा' म्हटलं तर तोंडं मिटतात. शाळेच्या परसबागेत भाजीची आळी करताना मात्र आपसूक बोलतात.

नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला रोज डुलक्या घ्यायचा, रोज बोलणी खायचा. आळ्यातलं तण काढता काढता एकदा म्हणाला, "बाई, पहाटे बंदरार जातंय, मगे झोप येता." वडील खलाशी, होडी लागली की मासळी उतरवायला हा हवाच. आम्ही त्याच्या वर्गाचं गणित तिसऱ्या तासाला नेलं आणि परिपाठात रोज समुद्राची स्थिती सांगायचं काम त्याला दिलं. इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज तो मोबाइलवर बघून लिहून आणतो. ज्यांचे वडील समुद्रावर असतात ती मुलं कान देऊन ऐकतात. आपल्यावाचून शाळेचं काहीतरी अडतं, हे त्याला कळलं, आणि माझ्या मते कुठल्याही व्याख्यानापेक्षा हे मोठं आहे.

एक गोष्ट फार जपा. गाव लहान, सगळे एकमेकांचे नातलग. गटात सांगितलेलं संध्याकाळी नाक्यावर पोचलं, तर ते मूल पुन्हा कधी बोलणार नाही. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तरच पुढे न्यायचं, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं. तक्रारपेटीही मुख्याध्यापकांच्या दारात नको, चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते.

समुपदेशकाचं म्हणाल तर, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्क ठेवायचा. आपल्याकडे अडचण वेगळीच असते. 'ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं' ही चेष्टा मुलं घरातूनच शिकून येतात, कारण तिथे मनोरुग्णालय आहे. त्यामुळे डॉक्टरांचं नाव काढलं की पालक बिथरतात. अशा वेळी मी आधी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर देते. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि गावात कुणाला पत्ता लागत नाही. पालक एकदा फोनवर बोलले की जिल्हा रुग्णालयात यायला तयार होण्याची शक्यता वाढते. नंबर वर्गावर्गात मोठ्या अक्षरात लावा.

मुख्याध्यापक तास द्यायला कुरकुरले तर यंदा फक्त नववीचा एक गट मागून घ्या. दहावीपासून सुरुवात केलीत तर 'अभ्यासाचा वेळ जातो' म्हणून पालकच आधी शाळेत येतील.